नाना शंकरशेट आणि लोहमार्गाची सूत्रे

शनिवार पेठेतील पेशव्यांच्या वाड्यावर 17 नोव्हेंबर 1817 रोजी इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर 41 वर्षे पुरी होण्याच्या आतच, 14 जून 1858 रोजी, खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. तो बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी आज इतिहासजमा झाली आहे. परंतु तिच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता, त्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे चरित्र आजही विचारात घेण्याजोगे आहे.

1803 साली एका सधन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या नानांनी आपले धन आणि वजन लोककार्यासाठी वेचले. मुंबईतील नव्या शिक्षणाला त्यांनी बळ दिले, मुलींच्या शाळेला आश्रय दिला. 1845 साली जमशेटजी जिजीभाई यांच्यासह त्यांनी रेल्वेसाठी खटपट सुरू केली. 1849 साली कंपनीला ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली.

मात्र कंपनीचे भांडवल मुख्यत्वे विलायतेतले आणि तिची सूत्रेही लंडनमध्येच होती. भागधारकांना 5 टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. म्हणजे लाभ निश्चित भागधारकाचा आणि जोखीम येथील रयतेची! बोरघाटाचे अवघड काम हजारो मजुरांनी घाम गाळून, कित्येकांनी प्राण देऊन केले. 1863 साली तो मार्ग खुला होईपर्यंत प्रवाशांना घाट पालखीतून वा गाडीतून ओलांडावा लागे.

नानांना केवळ यंत्राचे कौतुक नव्हते. 1852 साली बॉम्बे असोसिएशन स्थापून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यकारभारात एतद्देशीयांना वाटा मिळावा, अशी मागणी पार्लमेंटकडे केली. सुधारणा हवी, पण तिच्या कारभारात आपलाही अधिकार हवा, ही त्यांची दुहेरी दृष्टी होती. 1865 साली ते निवर्तले. पुढे 1925 साली कंपनीचा कारभार सरकारने हाती घेतला आणि 1951 साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली.

मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने 2020 साली मान्य केला. वस्तुतः ते स्थानक 1930 साली दुसऱ्याच, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीने उभारलेले! नाव जरूर द्यावे. परंतु नवा मार्ग आखताना पैसा कोणाचा, जोखीम कोणाची आणि निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न जनतेने विचारले, तर नानांचे स्मरण अधिक सार्थ होईल.