मुखदुर्बळ बॅरिस्टरची गोष्ट



२ ऑक्टोबर आला की शाळेत गांधीजींच्या तसबिरीला हार घातला जातो आणि चार-सहा भाषणे होतात. त्यांत दांडीयात्रा असते, चले जाव असते, चरखा असतो. परंतु ज्यांच्यावर ही भाषणे होतात, त्यांना स्वतःला ऐन तारुण्यात चार माणसांसमोर एक वाक्यही धड बोलता येत नव्हते, हे सांगायचे बहुधा राहून जाते. या अंकात तेवढेच सांगावे असे आम्हाला वाटले. त्याला कारणही तसेच घडले.

मागच्या स्नेहसंमेलनात सातवीतला एक मुलगा भाषणाला उभा राहिला. भाषण तोंडपाठ होते, घरी तो ते खणखणीत म्हणून दाखवीत असे. माईकसमोर आल्यावर दुसऱ्याच वाक्याला त्याची वाचा बसली. मागच्या रांगांतून हसू उमटले. आम्ही मोठी माणसे, म्हणजे शिक्षकसुद्धा, बाजूने पुढचे शब्द मोठमोठ्याने सांगत राहिलो, घाबरू नकोस म्हणून ओरडत राहिलो. त्याने तो आणखीच गोठला आणि खाली उतरला. त्यानंतर उत्तर येत असूनही वर्गात त्याचा हात वर जाईना. चूक त्याची नव्हती, आमची होती. ती उमगल्यावर आम्ही गांधीजींचे आत्मचरित्र पुन्हा उघडले.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील संस्थानचे दिवाण, आई पुतळीबाई व्रतवैकल्ये करणारी. घरात कशाची वाण नव्हती. पण मोहन कमालीचा लाजाळू होता. शाळेची घंटा झाली की वर्गात जायचे आणि शाळा सुटली की धावत घर गाठायचे, हा त्याचा नेम. वाटेत कोणी बोलायला थांबवील, थट्टा करील, याची त्याला धास्ती असे. १८८८ मध्ये तो बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाला, तेव्हा राजकोटच्या शाळेने निरोपसमारंभ केला. आभाराचे चार शब्द त्याने कागदावर लिहून नेले होते. ते वाचतानाही डोके गरगरले, अंग थरथरू लागले. कसेबसे चार शब्द तोंडातून निघाले.

लंडनमध्ये ते शाकाहारी मंडळींच्या संस्थेत सामील झाले आणि तिच्या कार्यकारिणीवरही निवडून आले. बैठकीला ते नियमाने जात, मात्र बोलत नसत. एकदा एका सभासदाला त्याच्या मतांबद्दल संस्थेतून काढण्याचा प्रश्न निघाला. गांधीजींना तो अन्याय वाटला. गप्प बसणे बरे नव्हे, हे कळत होते. उठून बोलण्याचे धैर्य मात्र नव्हते. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. ऐन वेळी तेही वाचता येईना, तेव्हा दुसऱ्याने वाचून दाखवले. व्हेंटनर नावाच्या गावी सभा होती, तिथेही हीच गत. एक कागदभर भाषण लिहिलेले, पण उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतचे मित्र मजमुदार यांनी तो कागद घेऊन वाचला.

१८९१ च्या जूनमध्ये परत येण्यापूर्वी त्यांनी आपल्या शाकाहारी मित्रांना एका उपाहारगृहात मेजवानी दिली. या वेळी एका गमतीदार किश्श्याने सुरुवात करून सर्वांना हसवायचे, असे मनात योजले होते. पहिले वाक्य झाले आणि पुढचे सगळे पुसले गेले. पाहुण्यांचे आभार मानून ते खाली बसले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या माणसाला भाषा येत होती, विषय येत होता, मतही पक्के होते. घरी, मित्रांत, पत्रांत ते मोकळेपणाने व्यक्त होत. अडत होते ते फक्त चार डोळे आपल्याकडे लागले की. अशा वेळी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, घसा आवळतो आणि आठवलेले विसरते. हे शरीराचे भय आहे. त्याला मूर्खपणा म्हणू नये आणि आळस तर मुळीच म्हणू नये.

पुढचा प्रसंग मुंबईतला. बॅरिस्टर गांधी मुंबईत खोली घेऊन राहिले. लघुवाद न्यायालयात त्यांना ममीबाई नावाच्या बाईचा दावा मिळाला. फी ३० रुपये. काम अवघड नव्हते, प्रतिपक्षाच्या साक्षीदारांची उलटतपासणी करायची होती. गांधीजी उठले आणि सारे कोर्ट गरगर फिरते आहे असे त्यांना वाटले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, हे काम आपल्याच्याने होणार नाही असे मुनिमाला सांगितले आणि फी परत केली. ५१ रुपयांवर पटेल नावाच्या वकिलांनी ते काम घेतले. गांधीजी इतके शरमले होते, की अशील जिंकली की हरली हे पाहायलाही थांबले नाहीत. धैर्य येईपर्यंत दावा घ्यायचा नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले.

मुंबईत त्यांनी शिक्षकाच्या जागेसाठीही अर्ज केला होता. रोज एक तास इंग्रजी शिकवायचे, पगार ७५ रुपये. पदवी नाही म्हणून त्या शाळेने नकार दिला. (शाळांच्या निवडी अशाही चुकतात, हे आम्ही शिक्षक म्हणून कबूल करून टाकतो.)

मग उरले काय? उरली लेखणी. पोरबंदरच्या एका गरीब माणसाचा अर्ज त्यांनी लिहून दिला, तो मित्रांना आवडला. राजकोटला परतून ते अर्ज, मसुदे लिहू लागले. महिन्याला सुमारे ३०० रुपये मिळू लागले. जीभ अडली तरी आपले म्हणणे जगापुढे मांडण्याची एक वाट त्यांनी मोकळी ठेवली. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. डर्बनच्या कोर्टात न्यायाधीशाने पगडी काढायला सांगितली, तेव्हा ते न काढता बाहेर पडले आणि घडला प्रकार त्यांनी वर्तमानपत्राला लिहून कळवला. तिथेही आधी लेखणीच.

मॅरित्झबर्ग स्टेशनवर आगगाडीतून खाली उतरवल्याची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रिटोरियात जे घडले, ते पुस्तकात सहसा येत नाही. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांची एक सभा गांधीजींनी हाजी महंमद हाजी जुसब यांच्या घरी बोलावली. श्रोते मूठभर, बहुतेक मेमण व्यापारी. सभा कसली, घरगुती बैठकच ती. विषय होता व्यापारातला खरेपणा, राहणीतली स्वच्छता आणि हिंदू, मुसलमान, पारशी, गुजराती, मद्रासी हा भेद विसरून एकत्र येणे. गांधीजींनी विषयाची तयारी केली होती. ते बोलले आणि अडले नाहीत. हे आपले आयुष्यातले पहिले जाहीर भाषण, असे त्यांनी पुढे नोंदवले आहे.

लंडनमध्ये न जमलेले इथे कसे जमले? आम्हाला वाटते, इथे परीक्षा घेणारे कोणी नव्हते. आपण कसे दिसतो, कसे बोलतो, याच्यापेक्षा समोरच्यांची अडचण मोठी होती. आणि बोलून ते थांबले नाहीत. ज्यांना इंग्रजी शिकायचे असेल त्यांना शिकवीन, असे त्यांनी त्याच सभेत सांगितले. तिघे तयार झाले: एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. गांधीजी स्वतः त्यांच्याकडे जाऊन शिकवत. कधी गिऱ्हाईक असे, मग वाट पाहावी लागे. एका वेळी एकाच माणसाशी, त्याच्या दुकानात, त्याच्या सवडीने बोलायचे. मुंबईत जी नोकरी मिळाली नाही, ती प्रिटोरियात बिनपगारी मिळाली. बैठकाही नियमाने भरू लागल्या. प्रिटोरियातला एकही हिंदी माणूस त्यांच्या ओळखीचा नाही असे राहिले नाही.

१८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या सभांत हाच अनुभव उलट बाजूने आला. सभासदांपैकी बहुतेकांना सभेत उठून बोलायची सवय नव्हती, जो तो कचरे. गांधीजींनी त्यांना सभेचे नियम समजावून दिले, थोडक्यात आणि मुद्द्याला धरून कसे बोलावे ते सांगितले. हळूहळू कधी न बोललेली माणसे बोलू लागली. ज्याची स्वतःची वाचा बसली होती, त्यानेच इतरांना वाचा दिली. आमच्या मते ही गोष्ट दांडीच्या मिठाइतकीच सांगण्यासारखी आहे.

आता सर्व सुरळीत झाले असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. १८९६ मध्ये गांधीजी हिंदुस्थानात आले. सर फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली २६ सप्टेंबरला मुंबईत सभा ठरली. भाषण लिहूनच आणा, असा फिरोजशहांचा सल्ला होता. ते रातोरात छापूनही घेतले गेले. सभागृह खच्चून भरलेले. गांधीजी वाचायला उभे राहिले तो पुन्हा तेच. अंग कापू लागले, आवाज खाली खाली जाऊ लागला. फिरोजशहांनी मोठ्याने वाचा म्हणून धीर दिला. त्याचा परिणाम उलटाच झाला. तेव्हा विलायतेपासूनचे स्नेही केशवराव देशपांडे यांनी कागद हाती घेतला. पण श्रोत्यांना दिनशा वाच्छा हवे होते. अखेर वाच्छांनी भाषण वाचले आणि सभा शांतपणे ऐकत राहिली. म्हणणे गांधीजींचेच होते, ते पोहोचले.

तीन वर्षे दुसऱ्या देशात सभा चालवलेला माणूस मुंबईत पुन्हा अडखळला. म्हणून तो मागे गेला असे झाले का? त्याच दौऱ्यात ते पुण्याला गेले. लोकमान्य टिळकांना भेटले, गोखल्यांना भेटले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. भांडारकरांनी अध्यक्षपद पत्करले आणि पुण्यात बिनगाजावाजाची छोटी सभा पार पडली. पुढे मद्रासला मोठी सभा झाली, तिथेही भाषण लिहून नेले होते, आणि ती उत्तम झाली. लिहिलेल्या कागदाचा आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दक्षिण आफ्रिकेचा ठराव त्यांनी मांडला. अध्यक्ष होते तेच दिनशा वाच्छा. बोलणे रंगात येते न येते तोच वाच्छांनी घंटा वाजवली. ती वेळ संपत आल्याची नुसती सूचना होती. गांधीजींना ते ठाऊक नव्हते, त्यांना वाईट वाटले आणि ते लगेच खाली बसले. असो.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात हिंदी लोकांची मोठी सभा होती. अन्यायी कायद्यापुढे मान तुकवणार नाही, अशी ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, असे हाजी हबीब अचानक म्हणाले. गांधीजी चमकले. शपथ म्हणजे काय, ती मोडली तर काय, तुरुंग, दंड, उपासमार काय काय सोसावे लागेल, हे लोकांना कळलेच पाहिजे असे त्यांना वाटले. ते उठले आणि हातात कागद नसताना सविस्तर बोलले. मग साऱ्या सभेने उभे राहून शपथ घेतली. पुढे ज्याला सत्याग्रह हे नाव मिळाले, त्याची ही सुरुवात. ममीबाईच्या दाव्यापासून इथपर्यंत सुमारे पंधरा वर्षे लागली होती.

फर्डा वक्ता मात्र ते कधीच झाले नाहीत. आवाज बारीक, चाल संथ, हातवारे नाहीत. आपल्या लाजाळूपणाने आपल्याला शब्द जपून वापरायला शिकवले, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे दर सोमवारी ते मौन पाळीत आणि काही सांगायचे झाले तर चिठ्ठीवर लिहीत. एके काळी भीतीने आलेले मौन त्यांनी आपखुशीने आठवड्यातून एक दिवस जवळ ठेवले. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामलाही हा नेम चालू होता.

नागपूरला डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. त्यानंतर ६ जानेवारी १९२१ रोजी गांधीजी छिंदवाड्याला आले. आपण बोरगावहून सौंसर, रामाकोना करत सिल्लेवानीचा घाट चढून जिथे कामाला, बाजाराला जातो, तेच हे छिंदवाडा. तेव्हा आजच्यासारखी माईकची सोय नव्हती. चिटणवीस गंजात सभा झाली आणि त्या बारीक आवाजात ते हिंदीतून असहकारावर बोलले. हिंदी ही त्यांची मातृभाषा नव्हती. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना त्यातली अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

त्या जागेला आता गांधी गंज म्हणतात. पुढची सहल तिकडे न्यावी असा आमचा विचार आहे. सातवीतला तो मुलगा आता आठवीत गेला आहे. रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले. गांधी गंजाची माहितीही तोच लिहून काढणार आहे. ती वाचून कोण दाखवणार, ते आम्ही अद्याप ठरवलेले नाही, आणि त्यालाही विचारलेले नाही.