आपल्या कोठुऱ्याचे बाळंभटदादा

आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटचा. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर दिसलं तर क्रेडिट संपादकांचं! शाळेत आम्ही बास्केटबॉल खेळायचो. मल्लखांब पाहिला तो फक्त टीव्हीवर. फर्स्ट इयरला एम-वनची केटी लागली, घरी काय सांगायचं सुचेना आणि संध्याकाळी होस्टेलवर बसवेना. म्हणून रूम पार्टनरच्या मागे मागे एका व्यायामशाळेत जायला लागलो. तिथे मारुतीच्या शेजारी एक जुनी तसबीर होती. विचारलं तर कळलं, हे बाळंभटदादा देवधर. आजच्या मल्लखांबाचे आद्यगुरू. आणि गाव? आपल्याच जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं कोठुरे! नाशिकमध्ये राहून मला हे माहीतच नव्हतं.

दादांचा काळ दुसऱ्या बाजीरावाचा. १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला. श्रावणात पर्वतीजवळच्या रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पंगती, लावण्या, रंगपंचमी, कुस्त्या, सगळं जोरात. राजाच्या दरबारात जेवण आणि खेळ जोडीनेच येतात म्हणा. चीनमध्ये हान राजांच्या काळच्या कोरीव चित्रांतसुद्धा उंच काठीवर कसरत करणारे डोंबारी दिसतात. आपल्याकडे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ लिहिला. त्यात राजाची पक्वान्नंही आहेत, करमणुकीही आहेत आणि मल्लांच्या सरावाचा खांबही आहे. पण पुढे ही विद्या मागे पडली.

आता दादांची गोष्ट. निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन नामी पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. तेव्हा अठरा वर्षांचा बाळंभट उभा राहिला! विचार करा, अठरा. आपण त्या वयात सीईटीचे फॉर्म भरत होतो. त्याने तयारीला थोडी मुदत मागितली आणि तो थेट वणीच्या सप्तशृंगी गडावर गेला. तिथे त्याने उपासना केली. देवीच्या कृपेने मारुतीने दर्शन दिलं आणि लाकडी खांबावर कुस्तीचे डाव करून दाखवले, अशी कथा आहे. पुण्याला परत येऊन त्याने गुलाबला चीत केलं आणि ते पाहून अलीने लढायचंच टाळलं, असं सांगतात.

मी इंजिनिअरिंगचा, त्यामुळे मारुतीच्या प्रसंगाशी जरा अडखळलो. मग स्वतः खांबाला हात लावला. शिसवी किंवा सागवानी खांब, खाली जाड, वर निमुळता, टोकाला मान आणि बोंड. वर एरंडेल तेल चोपडलेलं! तेल नसेल तर कातडी सोलून निघते आणि तेल असेल तर घर्षण कमी. म्हणजे टिकायचं तर मांड्यांनी खांब आवळूनच धरायचा, नॉर्मल रिअ‍ॅक्शन आपणच तयार करायची. याला अढी म्हणतात. मी पहिल्या दिवशी चार वेळा सुळकन खाली आलो. तेव्हा पटलं, कुणीतरी या लाकडाशी वर्षानुवर्षं झगडल्याशिवाय अढी, बगली, दसरंग असे प्रकार बसणं शक्य नाही. माकडं झाडावर चढताना बघून सुचलं असेल, नाहीतर स्वप्नात दिसलं असेल. पण घाम दादांचाच.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. दादांनी ही विद्या लपवून ठेवली नाही. जिंकलेला डाव कोण दुसऱ्याला शिकवतो? आपण व्हायव्हाचे प्रश्नसुद्धा बाहेर येऊन सांगत नाही! दादांनी शिष्य तयार केले. त्यांच्यामुळे आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्यामुळे काशीतही ही विद्या रुजली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्ताला गेला. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू म्हणजे पुढची झाशीची राणी मल्लखांब शिकली ती तिथेच, असं मानतात. दरबार गेला, रमणा गेला, पंगती उठल्या. खांब मात्र राहिला, कारण त्याला राज्य लागत नाही. एक लाकूड आणि एक शिकवणारा, बस्स.

पुढे वेताचा आणि दोरीचा मल्लखांब आला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशातली मुलंमुली आपल्या खांबावर चढली. आणि कोठुऱ्यापासून तासाभरावर राहणारे आपण? रविवारच्या फीस्टनंतर सरळ झोपतो!

माझी केटी दुसऱ्या फटक्यात सुटली. अढी अजून नीट बसत नाही. पण गेल्या महिन्यात सरांनी एका सहावीतल्या पोराला माझ्याकडे सोपवलं, मला येतं तेवढं त्याला शिकव म्हणून. तो दोन आठवड्यांत माझ्या वर गेला. आधी जरा वाईट वाटलं, मग तसबिरीकडे बघितलं आणि गप्प बसलो.

संध्याकाळी सहाला निघतो. कुणाला यायचं असेल तर गेटवर भेटा. जुनी हाफ पॅन्ट आणा, तेलाचे डाग जात नाहीत.

— द्वितीय वर्ष, मेकॅनिकल