ज्याचं नाव आपण रोज पंपावर घेतो, त्या रुडॉल्फ डिझेलची गोष्ट

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं म्हणजे साधारण ९० किलोमीटर. रस्ता आता चौपदरी झालाय, त्यामुळे पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो. काटा ८० वरून १०० वर कधी गेला ते कळत नाही. कळतं ते पंपावर, पुढच्या वेळी टाकी भरताना.

इंधनाचे भाव वाढले की आपण सरकारला, कंपन्यांना, अरब देशांना, सगळ्यांना बोलतो. पण पंपावर "डिझेल टाक" म्हणताना आपण एका माणसाचं आडनाव घेतोय, हे फार कमी जणांच्या डोक्यात येतं. रुडॉल्फ डिझेल. इंधन वाया जातं कसं आणि ते वाचवायचं कसं, या एकाच प्रश्नावर या माणसाने आयुष्य घालवलं. शेवटी तो समुद्रात बुडून गेला, आणि त्याच्या मृत्यूचं गूढ शंभर वर्षं उलटली तरी सुटलेलं नाही.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील पुस्तकं बांधायचे आणि चामड्याच्या वस्तू तयार करायचे. घर चालायचं, पण पैशाची ओढाताण असायची. पोरगा हुशार होता आणि यंत्रं बघायचं त्याला वेड होतं.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं. पॅरिसमधले जर्मन रातोरात परके झाले. डिझेल कुटुंबाला शहर सोडून लंडनला जावं लागलं. तिथे खायचे वांधे, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे पाठवून दिलं. ज्यांच्याकडे तो राहिला ते गृहस्थ गणिताचे मास्तर होते. तिथे त्याचं शिक्षण मार्गी लागलं आणि आपण इंजिनिअर व्हायचं हे त्याने ठरवून टाकलं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. लिंडे म्हणजे कृत्रिम बर्फ आणि शीतयंत्रांच्या शास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट समजली ती कायमची मनात रुतून बसली. त्या काळी जग वाफेच्या इंजिनावर चालायचं. पण भट्टीत शंभर रुपयांचा कोळसा टाकला, तर कामाला येणारी ताकद जेमतेम दहा रुपयांची, बहुतेक ठिकाणी त्याहून कमी. बाकी सगळी उष्णता धुराड्यातून आणि गरम वाफेतून हवेत.

परीक्षेच्या ऐन वेळी त्याला टायफॉइड झाला आणि पदवी लांबली. १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला. मग लिंडेंच्याच कंपनीत, पॅरिसला, बर्फाच्या कारखान्यात नोकरी. लग्न झालं, तीन मुलं झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा ध्यास. आधी त्याने अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायचा प्रयत्न केला. त्यात स्फोट झाला आणि बरेच महिने हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. आपल्याकडे असं काही झालं तर घरचे लोक दुसऱ्या दिवशी त्या यंत्राला कुलूप घालतील. हा परत कामाला लागला.

त्याची कल्पना सांगायला सोपी आहे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. आता तीच हवा एखाद्या जाड सिलिंडरमध्ये प्रचंड दाबली, तर ती इतकी तापेल की आत इंधन सोडताच ते आपोआप पेट घेईल. ठिणगीची गरज नाही, प्लगची गरज नाही. आणि जितका दाब जास्त, तितकी त्याच इंधनातून ताकद जास्त. २७ फेब्रुवारी १८९२ ला त्याने पेटंटचा अर्ज केला, पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. ऑग्सबुर्गच्या मशीन कारखान्याने जागा आणि माणसं दिली, क्रुपसारख्या बड्या कंपनीने पैसे घातले.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन आत गेलं, धडाका झाला आणि दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं. माणसं थोडक्यात वाचली. पण इंधन पेटलं होतं, म्हणजे कल्पना बरोबर होती. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरलं, जेमतेम एक मिनिट आणि तेही मिनिटाला ८८ फेरे या गतीने. त्यानंतर आणखी तीन वर्षं दुरुस्त्या. शेवटी १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक श्र्योटर यांनी अधिकृत मोजमाप केलं. शंभरातला २६.२ टक्के भाग कामाला येत होता. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपटीहून जास्त!

हा आकडा ऐकून युरोपातल्या कारखानदारांच्या रांगा लागल्या. अमेरिकेतल्या बिअरच्या एका मोठ्या उद्योगपतीने दहा लाख मार्क मोजून तिथले हक्क घेतले. वर्षभरात डिझेल श्रीमंत झाला. म्युनिकला त्याने आलिशान बंगला बांधला.

आता खानदेशाला जवळची गोष्ट. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून एक छोटं डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आलं. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक, मग तिथे खनिज तेल न्यायचंच कशाला, असा हिशेब होता. बघणाऱ्यांपैकी अनेकांना आत कुठलं तेल आहे याचा पत्ताही लागला नाही, इतकं ते सुरळीत चाललं. पुढे डिझेलने स्वतःही या प्रयोगांत लक्ष घातलं. वनस्पती तेल आज किरकोळ वाटलं तरी एक दिवस ते खनिज तेलाइतकं महत्त्वाचं होऊ शकतं, असं त्याचं मत झालं. गंमत बघा, आपल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा जो कारखाना सुरू झाला आणि ज्याची पुढे विप्रो झाली, तोही भुईमुगाच्याच जिवावर उभा होता. तेच तेल. एकीकडे कढईत, दुसरीकडे इंजिनात.

डिझेलच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. वाफेचं इंजिन मोठ्या भांडवलदारालाच परवडायचं. आपलं इंजिन छोट्या कारागिराच्या हाती जावं, असं त्याला मनापासून वाटे. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारावर एक पुस्तकही लिहिलं. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काही शेकडा. त्याचं हे स्वप्न युरोपात फारसं उतरलं नाही. ते उतरलं आपल्याकडे, विहिरीच्या काठावर. वीज पोहोचण्याआधी केळीला आणि उसाला पाणी देणारं, टक-टक-टक आवाजाचं ते इंजिन ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पुण्याला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि शेतकऱ्याच्या तोंडी 'किर्लोस्कर' म्हणजेच इंजिन असा शब्द बसला.

इकडे डिझेलची घडी मात्र बिघडत गेली. पेटंटवरून कज्जे लागले. सुरुवातीची इंजिनं बिघडायची आणि बोल याच्यावर यायचा. डोकेदुखी आणि मानसिक ताण इतका वाढला की उपचारासाठी कामापासून लांब राहावं लागलं. हा माणूस यंत्राचा एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, पण स्वतःच्या पैशाच्या बाबतीत अगदी उलटा. जमिनी घेतल्या, तेलविहिरींत पैसे घातले आणि बरंच गमावलं. १९१२ मध्ये डेन्मार्कचं 'सेलांडिया' हे जहाज डिझेल इंजिनावर समुद्र ओलांडून गेलं, जगभर कौतुक झालं. कर्जाचा डोंगर मात्र तसाच होता.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून तो 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडला निघाला. रात्री सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती. बिछान्यावर कुणी झोपलेलं नव्हतं, रात्रीचे कपडे तसेच ठेवलेले, घड्याळ पलंगावरून दिसेल असं लावलेलं. डेकच्या कठड्याजवळ त्याची टोपी आणि कोट सापडला. दहा दिवसांनी डच खलाशांना समुद्रात एक मृतदेह दिसला. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्रात सोडला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या.

निघण्याआधी त्याने बायकोकडे एक बॅग देऊन ठेवली होती, आठवड्याने उघड म्हणून. आत २० हजार मार्क रोख आणि बँकेची कागदपत्रं होती. खाती जवळपास रिकामी होती. खून झाला, हेरांनी काटा काढला, अशा कथा पुष्कळ आहेत. आम्हाला विचाराल तर ती बॅग या सगळ्या कथांपेक्षा जास्त बोलते.

आपलं इंजिन ट्रकमध्ये बसलेलं त्याने पाहिलंच नाही. १८९७ चं इंजिन माणसाच्या दुप्पट उंच आणि काही टनांचं होतं, ते गाडीत बसणार कसं? १९२० च्या दशकात इंधन फवारणारे छोटे पंप आले आणि मग डिझेल ट्रक रस्त्यावर धावू लागले. पाठोपाठ मोटारी. आजच्या चांगल्या ट्रकचं इंजिन इंधनातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कामाला लावतं.

मग एवढं सगळं मिळवून आपण ते घालवतो कुठे? बरंचसं हवेत.

गाडी धावताना समोरची हवा ढकलत जाते. वेग दुप्पट झाला की हा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ८० चा वेग १०० वर नेला, म्हणजे वेग पाव पटीने वाढला, तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. कमी वेगात टायरचं घर्षण मोठं असतं, पण हायवेवर कारच्या बाबतीत हवाच मुख्य शत्रू होते. म्हणून भाव वाढले की सगळ्यात आधी वेगाकडे बघायचं.

जळगाव-धुळे उदाहरण घ्या. ९० किलोमीटर ८० ने गेलात तर साडेसदुसष्ट मिनिटं, १०० ने गेलात तर ५४. वाचली साडेतेरा मिनिटं, तीसुद्धा वाटेत ट्रॅक्टर आडवा आला नाही तर. समजा तुमची गाडी ८० ला लिटरमागे २० किलोमीटर देते आणि १०० ला १७. म्हणजे साडेचार लिटरऐवजी सव्वापाचच्या जरा वर, ५.३ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर ७२ रुपये जास्त. एका फेरीला वाटत नाही, रोज जाऊन-येऊन करणाऱ्याने महिन्याचा आकडा काढून बघावा. आपल्या गाडीचा खरा हिशेब टाकी फुल करून, ठरावीक वेगाने जाऊन, पुन्हा फुल करूनच कळतो. अगदी हळू, खालच्या गिअरमध्ये रेटत राहिलं तर तिथेही इंधन वाया जातंच, हेही ध्यानात ठेवा.

ट्रकची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळीनंतर खानदेशात कापसाच्या गाड्या बघा, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, वर ताडपत्री फडफडतेय. ही हवा अडवणारी भिंतच. ती ६० ऐवजी ८० ने पळवली तर हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे निघालेल्या केळीच्या ट्रकला घाई असते. खरं तर केळी हिरवी कापून पाठवतात, ती तिकडे गेल्यावर पिकवतात. तीन-चार तासांनी माल नासत नाही, बाजाराची वेळ हुकते एवढंच. हजार किलोमीटरला गाडी लिटरमागे चारऐवजी साडेचार चालली तर जवळपास २८ लिटर वाचतात, ९० च्या भावाने अडीच हजार रुपये.

शिरपूरच्या पुढे बिजासन घाटात एक खुळी समजूत पाहायला मिळते, उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायची. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर उतारावर इंजिनाला जाणारं डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहायला थोडं लागतंच. वाचत काही नाही, आणि इंजिनाचा ब्रेक गेल्यामुळे सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

वेग कमी करून इंधन वाचवायचा मार्ग सरकारांनीही धरलाय. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव काही महिन्यांत चौपटीच्या जवळ गेले. तेव्हा अमेरिकेने १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आणली. आणि डिझेलच्या जर्मनीत, जिथल्या ऑटोबानवर वेगाला मर्यादा नसणं हा अभिमानाचा विषय, तिथेही काही महिने १०० ची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे मालवाहू गाड्यांना ८० वर अडवणारा स्पीड गव्हर्नर आहे, पण तो काढून ठेवायची कला कुणाला शिकवावी लागत नाही.

ट्रकवाल्याला दोष देणंही सोपं आहे. काही ठिकाणी मालक फेरीमागे डिझेल ठरवून देतो, वर गेलं तर ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. त्याच वेळी फोनवर माल कधी पोहोचतोय म्हणून तगादाही तोच लावतो.