वस्तरा खाली ठेवायला लावणारा माणूस

नारायण मेघाजी लोखंडे आपल्याला माहीत असतात ते रविवारच्या सुट्टीमुळे. मला ते भेटले वस्तऱ्यामुळे!

शेळगावला आमच्या घरी आजोबांच्या धोपटीत जुना वस्तरा होता. सुट्टीत गंज काढून मी तो पाजवायला घेतला. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून धारेच्या बाजूने सरकवायचं. पाठीच्या जाडीमुळे कोन आपोआप जमतो. मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, पाठ पुढे. वडील बघत होते. हत्यार कधी खाली ठेवायचं तेही कळायला हवं, म्हणाले, आणि लोखंड्यांची गोष्ट सांगू लागले.

लोखंडे १८४८ सालचे, जोतिराव फुल्यांचे सहकारी. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' चालवला, १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र केलं. विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही, असं ठरलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर, त्यांनीच नकार दिला, हे विशेष. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.

आपणही उद्या इंजिनिअर होणार, हातात वस्तऱ्याहून मोठी हत्यारं येणार. ती चालवायला कॉलेज शिकवतंच. नाही कुठे म्हणायचं, ते मात्र आपलं आपणच शिकायचं!