रक्ताला भिणारा वैज्ञानिक

पॅरिसमध्ये १८१९ साली जन्मलेले लेआँ फुको डॉक्टर व्हायला निघाले होते; पण त्यांना रक्त पाहवत नसे. वैद्यकशास्त्र सोडून ते भौतिकशास्त्राकडे वळले. १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून त्यांनी पृथ्वीचे परिवलन लोकांना डोळ्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी त्यासाठी त्यांनी जायरोस्कोपही बनवला. वेगाने फिरणारी चकती भोवऱ्यासारखी आपल्या अक्षाची दिशा धरून ठेवते, हे त्याचे तत्त्व. १८६८ मध्ये, अवघ्या ४८व्या वर्षी, पक्षाघाताने जर्जर झालेल्या फुको यांचे निधन झाले.

शतकभरानंतर हेच तत्त्व सोव्हिएत रणगाड्यांत आले. खाचखळग्यांतून धावताना रणगाडा हिंदकळतो, नेम ढळतो. जायरोस्कोप हा फरक ओळखतो आणि त्याच्या इशाऱ्यावर यंत्रणा तोफ पुन्हा जागेवर आणते. १९५०च्या दशकात टी-५४ रणगाड्याच्या सुधारित आवृत्त्यांत ही सोय आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडेही झाली. टी-७२ आणि टी-९० यांतही ती आहे.

जहाजांना दिशा दाखवणारे आणि विमानांना तोल सांगणारे तत्त्वही हेच. रक्ताला भिणाऱ्या माणसाचा शोध तोफेपर्यंत पोहोचला. तो कुठे वापरायचा, हे मात्र पुढच्यांनी ठरवले.