राज्यघटनेतली फट

सिटिझनशिपच्या परीक्षेचे प्रश्न पाठ करताना मला कुर्ट गोडेल आठवायचा. जन्म १९०६, ब्रनो. अंकगणिताची नियमावली कितीही चोख बांधा, काही खरी विधानं तिच्यात सिद्ध होतच नाहीत, हे त्याने १९३१ मध्ये दाखवलं. पुढे १९३६ मध्ये ट्यूरिंगने याच वाटेने जाऊन संगणकाला काय जमणार नाही, ते सिद्ध केलं.

१९४० मध्ये गोडेल बायको आडेलसह सैबेरिया, जपानमार्गे प्रिन्स्टनला आला. १९४७ मध्ये सिटिझनशिपच्या वेळी साक्षीदार होता आईनस्टाईन! आणि हा पठ्ठ्या न्यायाधीशांनाच सांगू लागला, की घटनेतल्या फटीतून इथेही हुकूमशाही येऊ शकते. न्यायाधीशांनी हुशारीने विषय बदलला.

पुढे विषबाधेच्या भीतीने तो आडेलच्या हातचंच खायचा. १९७७ मध्ये ती इस्पितळात गेली, आणि जानेवारी १९७८ मध्ये हा उपासमारीने गेला.

परदेशात घरच्या माणसाचा आधार म्हणजे काय, हे मला त्याच्याकडे पाहून कळलं.