हजरत अरमिया (अलै.) आणि करार मोडणारे शहर

बनी इस्राईलने भूमीवर दोनदा उपद्रव माजविला आणि दोन्ही वेळा त्यांच्यावर बलाढ्य शत्रू चालून आला, हे दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलच्या प्रारंभी आपण वाचले असेल. अनेक भाष्यकारांनी पहिला प्रसंग बाबिलचा बादशहा बुख्तनस्सर याच्या स्वारीशी जोडला आहे. त्या काळच्या प्रेषिताचे नाव कुरआनात नाही. इब्ने कसीर यांनी ते अरमिया बिन हलकिया असे दिले आहे. बायबलमध्ये त्यांना यिर्मया म्हटले आहे. पुढील तपशील तेथील आहे. इस्राईली कथनांविषयी जी सावधगिरी आपल्याला शिकविली गेली, ती ठेवूनच तो वाचावा.

जेरुसलेमजवळील अनाथोथ गावच्या पुरोहित घराण्यात ते जन्मले. इ.स.पू. ६२७ च्या सुमारास प्रेषितत्व मिळाले तेव्हा ते तरुण होते. पुढे चाळीस वर्षे ते आपल्या लोकांना बजावीत राहिले की, परदेशी, अनाथ व विधवा यांच्यावर जुलूम करणाऱ्यांना उपासनागृहाच्या भिंती वाचविणार नाहीत. कुंभाराच्या चाकावर बिघडलेले मडके पुन्हा घडविले जाताना पाहून त्यांनी सांगितले की, ज्या राष्ट्राचा नाश ठरला ते वाईटापासून परतले, तर तो टळतो. हजरत यूनुस (अलै.) यांच्या कौमच्या बाबतीत तसेच घडल्याचे कुरआन सांगते. राजा यहोयाकीमने त्यांचा लेख फाडून शेकोटीत जाळला. त्यांनी तो लेखनिक बारूककडून पुन्हा लिहवून घेतला.

मग वेढा पडला. आता एक प्रसंग लक्षपूर्वक पाहा. हिब्रू गुलामाला सातव्या वर्षी मुक्त करावे, हा तौरातचा कायदा धनिकांनी कधीच गुंडाळून ठेवला होता. शत्रू वेशीशी येताच राजा सिद्कीया व सरदारांनी उपासनागृहात करार केला आणि सर्व हिब्रू गुलाम-दासी मुक्त केल्या. इतक्यात मिसरची फौज निघाल्याची बातमी आली, बाबिलचे सैन्य काही काळ मागे हटले, आणि त्याच सरदारांनी मुक्त केलेल्यांना पकडून पुन्हा गुलाम केले. तौबा शत्रूच्या भीतीपुरतीच होती! हजरत अरमिया यांनी स्पष्ट सांगितले की, सैन्य परतेल आणि शहर जळेल.

त्यांना देशद्रोही ठरवून गाळाच्या हौदात सोडण्यात आले. स्वकीयांपैकी कोणी पुढे आले नाही. राजवाड्यातील एका हबशी सेवकाने राजाकडे रदबदली केली आणि दोराने काखा काचू नयेत म्हणून जुन्या चिंध्या खाली सोडून त्यांना वर काढले. चौकीत कैदेत असतानाच त्यांनी सतरा शेकेल चांदी मोजून अनाथोथचे शेत विकत घेतले होते. शत्रूच्या ताब्यातील जमीन, पण तेथे पुन्हा घरे व द्राक्षमळे होतील, याची त्यांना खात्री होती.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास शहर पडले, उपासनागृह जळाले. बाबिलच्या सेनापतीने त्यांना मुक्त केले, पण उरलेल्या लोकांनी त्यांचे न ऐकता त्यांना मिसरला नेले. तेथेही ते मूर्तिपूजेविरुद्ध बोलतच राहिले.

बाबिललाही सूट नव्हती. त्याच्यावर येणाऱ्या अरिष्टांचा लेख त्यांनी शहर पडण्यापूर्वीच तेथे धाडला होता, वाचून झाल्यावर दगड बांधून फुरात नदीत बुडविण्यासाठी. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिल इराणच्या सायरसच्या हाती गेले.